गळ्याची पट्टी

१४ ऑक्टोबर

आज सूनबाई स्वतःहून म्हणाली, "आई, मला एक स्वेटर विणून द्याल?" मी सुई हातात तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले. लग्न होऊन दोन वर्षं झाली. मी दिलेली शाल हिने कपाटाच्या तळाशी घातली, टोपी "किती गोड" म्हणत कुणाला तरी देऊन टाकली, आणि आज ही उपरती. पण मागितलं की माझं पाणी होतं, त्याला माझा इलाज नाही.

तिला गळा उंच हवाय, अगदी हनुवटीपर्यंत. बाह्या लांब हव्यात, बोटांच्या पेरांवर येतील इतक्या. मी म्हटलं, "अगं, थंडी पडायला अवकाश आहे अजून." तर म्हणे, "मला आधीच वाजते." माप घ्यायला टेप दंडाभोवती फिरवली तशी तिने श्वास ओढून घेतला. विचारलं तर गुदगुल्या होतात म्हणाली. गुदगुल्या झालेलं माणूस हसतं. ही ओठ दाबून उभी राहिली. आजकालच्या मुली नाजूक, दुसरं काय.

मोरपंखी रंगाची लोकर आणली. माझ्या लेकाचे, बाळाचे, मोजे बाजूला ठेवून आधी हेच घेणार. घोडा झाला तरी माझ्यासाठी तो बाळच.

२० ऑक्टोबर

पाठ विणून झाली. सुंदर झाली आहे, माझं मी म्हणू नये, पण दुसरं कोण म्हणणार? आमचे हे तर विणकाम आणि मच्छरदाणी यांत फरक करत नाहीत.

संध्याकाळी वर धाडकन काहीतरी पडलं. वरचा मजला बाळाचा आणि तिचा, त्यामुळे खुर्ची सरकली तरी आम्हाला खाली कळतं. हे खुर्ची सरकल्यासारखं नव्हतं. आधी धाडकन, मग काहीतरी घासत गेल्यासारखं, मग पुन्हा धाडकन. छताचा पोपडा सुटून माझ्या चहात पडला. मी वर जायला उठले तर हे म्हणाले, "बस खाली. नवरा-बायकोत कशाला नाक खुपसतेस?" आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या देणारी बाई आमच्या कानात ओरडायला लागली.

थोड्या वेळाने बाळ खाली जेवायला आला. उजव्या हाताची बोटं सोललेली. गोदामात खोकं घसरलं म्हणे. मी मलम लावलं, फुंकर घातली, लहानपणी घालायचे तशी. गोदामातून आला तेव्हा दार मीच उघडलं होतं आणि पिशवी त्याच हातातून घेतली होती. तेव्हा माझं लक्ष गेलं नसेल. वय झालं माझं.

सूनबाई जेवायला उतरली नाही. डोकं दुखतंय म्हणे. ताट वर पाठवलं, तसंच परत आलं.

२४ ऑक्टोबर

आज आमच्या विणकाम मंडळात माझं आणि नर्सबाईंचं कडाक्याचं वाजलं. नर्सबाई निवृत्त झाल्या तरी वॉर्डात असल्यासारख्या बोलतात. मी टाके मोजत होते आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची सून परवा बाजारात दिसली. ओठ फाटलेला. मागच्या महिन्यात डोळा काळा होता. एवढी पडते कशी हो ती?"

मी म्हटलं, "धांदरट आहे. चालताना पायाकडे बघत नाही."

"पडलेलं माणूस गुडघ्यावर पडतं, तळहातावर पडतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यावर आणि ओठावर कुणी पडत नाही. मी जन्मभर हेच बघितलंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हातातला लोकरीचा गुंडा मी त्यांच्या तोंडावर फेकून मारला. लागला नाही, नेम माझा पहिल्यापासून वाईट. नर्सबाईंनी वाकून गुंडा उचलला, धागा गुंडाळला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मला मारलंत तरी चालेल. तिला विचारा." मी सामान आवरून निघून आले. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायची नाही.

२८ ऑक्टोबर

दोन्ही बाह्या झाल्या. पाऊस आहे, घरात कोंदट वाटतंय.

नर्सबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. समजा, बाळाचा हात एखाद्या वेळी उठला असेल. भांड्याला भांडं लागणारच. आमच्या ह्यांनी मला एवढ्या वर्षांत दोनदाच हात लावला. एकदा कानाखाली, भाजी करपली होती म्हणून, चूक माझीच होती. त्या कानात अजून थंडीत शिट्टी वाजते. दुसऱ्यांदा जिन्यात. ते खरं तर पडणंच होतं, धक्का नुसता निमित्त. हात मोडला, जुळला, आणि बघा, त्याच हाताने आज झोकात विणतेय. बाकीचं काय, दंड धरणं, केस ओढणं, त्याला कुणी मारणं म्हणत नाही.

लिहिलेलं वाचलं आणि जरा विचित्र वाटलं. असो.

३ नोव्हेंबर

स्वेटर पूर्ण. सूनबाईने घातला आणि आरशासमोर गळ्याची पट्टी वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर ओढली. मग मला मिठी मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी मेली रडायलाच लागले.

तिच्या बोटाला पट्टी आहे, आत लाकडाची चीप. ड्रॉवरमध्ये सापडलं म्हणते. चष्म्याच्या दुकानातली नोकरी तिने सोडली. मला वाईट वाटलं, छान करायची ती काम, माझा चष्मा दर वेळी तीच सरळ करून द्यायची. बाळ म्हणतो, "त्या दुकानात लोक नको इतकं जवळून तोंडाकडे बघतात." बरोबर आहे, चष्मा लावायचा तर तोंडाकडेच बघणार. पण त्याला आवडत नाही तर नाही.

बाळाला स्वेटर पसंत पडला. "आईने एवढं विणलंय, रोज घाल," म्हणाला. किती गुणी आहे माझा मुलगा.

११ नोव्हेंबर

सूनबाई सकाळी खाली आली आणि कागदाची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. आत स्वेटर. गळ्याची पट्टी मागून उभी फाटून लोंबत होती, उजव्या खांद्याची शिवण मुंढ्यापर्यंत उसवलेली.

"दाराच्या कडीत अडकला," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. गळ्याला ओढणी गुंडाळली होती.

ती गेल्यावर मी स्वेटर खिडकीशी नेऊन पाहिला. कडीत अडकलं की एक फास ओढला जातो, आजूबाजूचे टाके आवळतात, धागा लांब लोंबतो. असे स्वेटर मी शेकड्याने दुरुस्त केलेत. इथे तसं काही नव्हतं. इथे पट्टीचे सगळे टाके एकदम ताणलेले होते, मूठभर रुंदीत, आणि ताण मागच्या बाजूला होता. समोरच्या बाजूला लोकर घासून तंतू उभे राहिलेले. कुणीतरी मागून मुठीत धरून ओढलं, आणि पुढे काहीतरी अडलं होतं. पुढे काय असतं, गळाच असतो.

मला हे कळतं. माणूस काय सांगतंय ते कळलं नाही तरी लोकर काय सांगते ते मला कळतं.

मी स्वेटर परत पुडीत बांधला. मग ठरवलं की लोकरच हलकी निघाली. दुकानदाराने फसवलं मला.

१४ नोव्हेंबर

पट्टी पूर्ण उसवून नव्याने विणली. या वेळी एकेरी नाही, दुपदरी. आणि लोकरीबरोबर नायलॉनचा दोरा घातला, मोज्याच्या टाचेत घालतो तो. टाच झिजते म्हणून घालायचा, पण गळ्याला घालायला कुणी बंदी केली आहे का? खांद्याची शिवण उलट्या टाक्याने दोनदा घातली. झाल्यावर दोन्ही हातांनी पट्टी ओढून पाहिली, पायाखाली धरून ओढली. हूं की चूं नाही. बैल बांधला तरी तुटायची नाही. आणि एवढी घट्ट शिवण आतून टोचत पण नाही, ही खरी करामत.

सूनबाईला दाखवली. मला वाटलं खूश होईल. तिने पट्टी बोटांनी ताणून पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"आई, पहिली होती तशी नाही का करता येणार? सैल. पटकन उसवणारी."

"पटकन उसवणारी?" मी म्हटलं. "अगं, पटकन उसवणारं कुणी मुद्दाम विणतं का?"

"तुटली तर तुटू दे," ती म्हणाली. "मी पुन्हा आणून देईन तुमच्याकडे. दर वेळी आणून देईन."

माझं डोकंच फिरलं. डोळे फोडून मी तीन दिवस बसले आणि हिला उसवणारी पट्टी हवी. मी फाडफाड बोलले. माझ्या कष्टांची किंमत नाही, हौसेची किंमत नाही, घालायची तर घाल नाहीतर पोतेरं कर, असलं सगळं. ती ऐकत उभी राहिली. बोलावंसं वाटत होतं तिला काहीतरी, तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात वरून बाळाने हाक मारली आणि ती स्वेटर घेऊन पळाली. पळालीच, दुसरा शब्द नाही.

१७ नोव्हेंबर

आज धीर करून बाळाला विचारलं. हे फिरायला गेले होते. मी त्याचाच मोजा विणत बसले होते. म्हटलं, "बाळ, वर काय चाललेलं असतं रे? मला आवाज येतात."

तो हसला. "तुला काय ऐकू येतं आई, तुझ्या कानात तर शिट्टी वाजते."

"तरी येतं."

तेव्हा त्याचं हसू गेलं. माझ्या शेजारच्या टोपलीतून त्याने बांबूच्या सुयांची जोडी काढली, माझी सगळ्यात जुनी, हाताच्या घामाने काळी पडलेली, आणि माझ्या तोंडासमोर धरून कडकन मोडली. तुकडे माझ्या मांडीत टाकले. एक टोक मनगटात घुसलं. "तू तुझं विणत बस," एवढंच म्हणाला. आवाज पण चढवला नाही. मला त्याची भीती वाटली. मी त्याला न्हाऊ घातलंय, मला त्याची भीती वाटली.

१८ नोव्हेंबर

बाळाने नव्या सुया आणल्या. पाच जोड्या, डबीत घालून, वर रिबीन. माझ्या मनगटाची पापी घेतली आणि म्हणाला, "कामाचा ताण असतो गं." मनातलं सगळं मळभ गेलं. असा मुलगा शोधून सापडणार नाही. सुया मात्र अजून उघडल्या नाहीत.

२३ नोव्हेंबर

जबडा सुजलाय, चावता येत नाही. कालचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं काही झालंच नव्हतं.

काल दुपारी जेवणं झाली होती. मोज्याची टाच वळवायची होती, पाऊल मापायला बाळ घरी होता म्हणून मी मोजा सुयांसकट घेऊन वर निघाले. जिन्यातच ऐकू आलं. ओरडणं नव्हतं. टाचा फरशीवर आपटत होत्या, भराभर, आणि मध्ये कुणीतरी घशातून खरखर आवाज काढत होतं.

दार उघडं होतं. तो तिला वरच्या चहापुरत्या स्वयंपाकघरातून ओढत आणत होता. मागून, गळ्याच्या पट्टीला धरून, दोन्ही हातांनी. ती पाठीवर होती. चेहरा माझ्या लोकरीच्या रंगाचा झाला होता. बोटं पट्टीत घालून ती ओढत होती, मोडलेलं बोटसुद्धा, आणि पट्टी हलत नव्हती. टेबलाच्या पायाला तिने विळखा घातला तशी त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, आणि टेबल, ती, वरची भांडी सगळं मिळून पुढे आलं.

मी ओरडले. त्याने मान पण वळवली नाही. मी खाली बसून पट्टी धरली आणि फाडायला लागले. तुटेना. दात लावले. नायलॉन दातांत करकरला. माझ्याच हाताचं काम, एक टाका सुटेना. तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते, वीतभर अंतरावर, आणि त्यांतलं पांढरं लाल होत चाललं होतं. "सोड रे, मरेल ती," मी म्हणत होते, आणि तो म्हणत होता, "मरू दे." अगदी सहज, भाजीत मीठ जास्त झालंय असं म्हणावं तसं.

मोज्याच्या सुया पोलादी असतात, दोन्हीकडे टोक. एक मी उपसली आणि त्याच्या हातात खुपसली. मनगटाच्या वर, दोन हाडांच्या मध्ये. ती आत गेली आणि पलीकडून निघाली. माझा नेम वाईट आहे, पण एवढ्या जवळून कोण चुकेल. तो किंचाळला, हात सोडला, आणि दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी ओट्यावर आपटले. दात जिभेवर आला, तो मी थुंकला. तो पुन्हा तिच्याकडे वळला तेव्हा दुसरी सुई त्याच्या मांडीत घातली आणि सोडली नाही, फिरवली. मला लाज नाही वाटली. लिहिताना पण वाटत नाही. तो फरशीवर बसला आणि "आई गं" म्हणाला. जगातल्या कुठल्याही मुलाने म्हणावं तसंच म्हणाला, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

भाजीची सुरी घेऊन पट्टी कापली. कापताना तिच्या हनुवटीला कापलं, रक्त आलं. पट्टी सुटल्यावर ती काही क्षण तशीच पडून राहिली, मग छाती एकदम वर आली आणि तिने श्वास घेतला. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

खाली टीव्हीचा आवाज वाढला.

मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले की पोलिसांना फोन करा, रुग्णवाहिका बोलवा. हे म्हणाले, "काय झालंय ते आधी बघू." म्हणून मीच शेजाऱ्यांकडे गेले, तोंडातून रक्त गळत, आणि त्यांच्या फोनवरून पहिला फोन नर्सबाईंना केला. का कोण जाणे. त्यांनी एक शब्द विचारला नाही. बाकीचे फोन त्यांनी केले.

२५ नोव्हेंबर

सूनबाई वाचली. घशातलं हाड चिरलंय, दोन बरगड्या मोडल्यात. बोलता येत नाही, कुजबुजते. तिची मोठी बहीण आली आहे, तिच्याजवळ बसून असते.

बाळ पण त्याच रुग्णालयात, खालच्या मजल्यावर, खाटेला बेडी. त्याने पोलिसांना सांगितलंय की बायको ओट्यावरून पडली, तिचा स्वेटर खिळ्यात अडकला, आणि आईचं हल्ली डोकं ठिकाणावर नसतं, तिने उगाच सुया खुपसल्या.

माझा जबाब घ्यायला पोलीसबाई तिथेच आली. तिच्या आधी हे आले. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं आणि दंड धरला. "खिळ्यात अडकला असं सांग. एकुलता एक आहे. आपलेच दात, आपलेच ओठ." दंडावर त्यांची बोटं रुतत होती, तिथे, जिथे मी तिच्या दंडाला टेप लावली होती. मी म्हटलं, "दात पडलाय माझा. सोडा." त्यांनी सोडला नाही. मी दुसऱ्या हाताने त्यांचं एकेक बोट उचकटून काढलं. म्हाताऱ्याच्या बोटांत काही जोर नसतो, हे मला आज कळलं.

पोलीसबाई तरुण होती, थकलेली. तिने कापलेली पट्टी पिशवीत ठेवली होती. म्हणाली, "एवढा ताण पडून ही तुटली कशी नाही, तेच आम्हाला समजत नाही. तुमची सून सांगते की आधी दोनदा त्याने असंच ओढलं होतं. दोन्ही वेळा गळा फाटला, ती निसटली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. एकदा शिवलेला कुडता होता, एकदा हाच स्वेटर."

पोलीसबाईने पाणी दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला.

तिला उसवणारी पट्टी हवी होती. तिने मला तोंडाने सांगितलं होतं, माझ्यासमोर उभं राहून, आणि मी माझ्या कष्टांचं भाषण देत होते. तिचा जीव त्या एका एकेरी धाग्यावर होता आणि मी तो काढून तिथे नायलॉन घातला.

"तुम्हाला हे सगळं कधी कळलं?" पोलीसबाईने विचारलं. पेन तयार होतं. मला दिसत होतं की तिने मनात "त्याच दिवशी" असं लिहूनही टाकलंय, म्हातारी आई, बिचारी. व्हरांड्याच्या टोकाला हे उभे होते.

मी म्हटलं, "ऑक्टोबरात. माप घेतलं तेव्हा. त्याच्या आधीपासूनही कळत असेल. फाटलेला स्वेटर आला तेव्हा तर कुठे धरलं, कसं ओढलं, तेही कळलं होतं. कळलं म्हणून मी पट्टी पक्की केली. मुलाला जाब विचारायला नको म्हणून." तिने लिहायचं थांबून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिहा." मग बाकीचं सांगितलं. मरू दे म्हणाला, तेही.

हे घरी निघून गेले. मला न घेता.

संध्याकाळी सूनबाईच्या खोलीपाशी गेले. बहिणीने दार अडवलं. सभ्य बाई आहे, पण हात आडवा होता. "तिला तुम्हाला भेटायचं नाही."

"मी भेटायला नाही आले," मी म्हटलं. "जबाब दिला, एवढंच सांगा तिला. सगळा दिला."

ती आत गेली. फटीतून फक्त चादरीचा कोपरा दिसत होता. बऱ्याच वेळाने बाहेर आली. "ती विचारते, कोर्टात मुलाच्या तोंडावर पण हेच सांगाल का?"

"सांगेन."

ती पुन्हा आत गेली आणि लगेच परत आली. मान खाली घालून म्हणाली, "ती म्हणते, तेव्हा बघू."

मी बरं म्हटलं. तिच्या जागी मी असते तर एवढंही म्हटलं नसतं.